अंतर १,१३८ किलोमीटर, मग सव्वादोन तास कशाला?

ॲप्टिट्यूड टेस्टच्या कुठल्याही पुस्तकात हे गणित सापडेल. दोन गावांमधलं अंतर अमुक, गाडीचा वेग तमुक, तर वेळ किती? अंतराला वेगाने भागायचं आणि एक मार्क खिशात घालून पुढच्या गणिताकडे वळायचं. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सीझनमध्ये तर आपण झोपेतही हे भागाकार करत असतो.

आता हेच गणित खऱ्या आकड्यांवर करून बघू. मुंबई ते दिल्ली हवाई अंतर १,१३८ कि.मी. जेट विमानाचा वेग तासाला सुमारे ८३० कि.मी. भागाकार केला की उत्तर येते १ तास २२ मिनिटे. पण तिकीट काढून बघा. त्यावर २ तास १५ मिनिटांच्या आसपासचा आकडा असतो. म्हणजे तब्बल ५३ मिनिटं कुठेतरी गायब झाली!

हॉस्टेलवर हा प्रश्न टाकला की तीन उत्तरं हमखास येतात. "वरती पण ट्रॅफिक असतं रे." "कंपन्या मुद्दाम वेळ वाढवून सांगतात." आणि तिसरं, फार आत्मविश्वासाने दिलेलं, "पृथ्वी फिरते ना खालून!" यातली पहिली दोन बऱ्यापैकी बरोबर आहेत. तिसरं साफ चूक आहे. का, ते क्रमाने पाहू.

आधी १,१३८ हा आकडा आला कुठून?

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जो आकडा सांगितला जातो, ते असतं गोलावरचं सर्वांत कमी अंतर. नकाशा सपाट, पृथ्वी गोल. त्यामुळे नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ इथे उपयोगाची नाही. दोन्ही ठिकाणं आणि पृथ्वीचा मध्य यांतून जाणारं प्रतल घ्या. ते पृथ्वीच्या पृष्ठभागाला ज्या वर्तुळात छेदतं, ते बृहद्वृत्त. त्यावरचा लहान कंस म्हणजे आपलं अंतर.

सूत्र एका ओळीचं आहे. मधल्या कोनाचा कोसाइन = (पहिल्या अक्षांशाचा साइन × दुसऱ्या अक्षांशाचा साइन) + (पहिल्या अक्षांशाचा कोसाइन × दुसऱ्या अक्षांशाचा कोसाइन × रेखांशांमधल्या फरकाचा कोसाइन).

आपली मुंबई, म्हणजे सहार-सांताक्रूझचा विमानतळ (नवी मुंबईलाही आता विमानतळ झाला आहे, म्हणून खुलासा!): १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दिल्लीचा पालम येथील विमानतळ: २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. कॅल्क्युलेटर डिग्री मोडमध्ये ठेवा आणि करून बघा. कोन येतो १०.२४ अंश. त्याला ६० ने गुणलं की थेट सागरी मैल मिळतात, कारण एक सागरी मैल म्हणजे बृहद्वृत्तावरचं एक मिनिट, हीच त्याची मूळ कल्पना. उत्तर ६१४ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ कि.मी., म्हणजे १,१३७-३८ कि.मी. झालं काम. पृथ्वी तंतोतंत गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्यामुळे या पद्धतीत फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो. आपल्या कामाला तो चालतो.

लक्षात घ्या, या गणितात विमान कुठेच आलेलं नाही. हा फक्त भूमितीतला आकडा आहे. या रेषेवरून कुणी खरंच उडतं का, हा वेगळा प्रश्न.

आणि ८३० चं काय?

मुंबई-दिल्लीवर एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ या जातीची विमानं मोठ्या संख्येने असतात. ही विमानं आवाजाच्या वेगाच्या साधारण ०.७८ पट वेगाने जातात. जमिनीवर १५ अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग तासाला सुमारे १,२२५ कि.मी. असतो, पण ३५,००० फुटांवर तापमान उणे ५४ अंशांच्या आसपास असतं आणि थंड हवेत आवाज सावकाश जातो. तिथे तो १,०६५ च्या आसपास येतो. त्याच्या ०.७८ पट म्हणजे ८३०.

पण हा वेग विमानाला मिळतो तो वर पोचल्यावर, आणि तोही हवेच्या सापेक्ष. या दोन अटींमध्येच पुढची सगळी गंमत दडलेली आहे.

५३ मिनिटांचा जमाखर्च

तिकिटावरची वेळ कधी सुरू होते? चाकं जमीन सोडतात तेव्हा नाही. विमान आपल्या जागेवरून मागे ढकललं जातं, तेव्हा घड्याळ सुरू होतं. आणि दिल्लीला ठरलेल्या जागी उभं राहून चाकांखाली ठोकळे लागले की थांबतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात. एस.टी.च्या भाषेत सांगायचं तर फलाटापासून फलाटापर्यंत. हायवेला लागल्यापासून नव्हे.

आता एक नमुना हिशोब मांडू. आकडे अंदाजी आहेत, दिवसागणिक बदलतात, पण प्रमाण समजायला पुरेसे आहेत.

धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आणि रांगेत थांबणं: १८ मिनिटं. मुंबईच्या या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना काटतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं सोडता येत नाहीत. ‘वरती ट्रॅफिक’ म्हणतात ते खरं तर बरंचसं खालीच असतं!

चढणं आणि उतरणं: १० मिनिटांचा जादा वेळ. १०,००० फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे तासाला ४६३ कि.मी. वर चढायला वीसेक मिनिटं लागतात आणि त्यात दोनशेच्या आसपास कि.मी. जातात. उतरतानाही तेच. पायलट लोकांचा एक ठोकताळा आहे: उंची हजार फुटांत घ्या, तिला तीनने गुणा, तेवढे सागरी मैल आधी उतरायला लागा. ३५ त्रिक १०५ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ १९५ कि.मी. जयपूर मागे पडतं न पडतं तोच दिल्लीची उतरण सुरू! एकूण १,१३८ पैकी पूर्ण वेगाने जाण्याचा टप्पा उरतो जेमतेम सातशे-साडेसातशे किलोमीटरचा.

वाकडी वाट: ८ मिनिटं. उड्डाण वाऱ्याच्या दिशेप्रमाणे करायचं. वारा पश्चिमेचा असेल तर दिल्लीला जाणारं विमान आधी समुद्राकडे तोंड करून उडतं आणि मग वळतं. पुढे ठरलेले हवाई मार्ग, लष्करासाठी राखीव भाग, आणि दिल्लीजवळ आल्यावर सगळ्या दिशांनी येणाऱ्यांना एका ओळीत लावण्यासाठी दिलेली वळणं. या सगळ्यात शंभरेक किलोमीटर सहज वाढतात.

दिल्लीला उतरल्यावर जागेपर्यंत जाणं: ९ मिनिटं.

उरली ८ मिनिटं. ती कंपनीची राखीव शिल्लक. रांग लांबली, घिरट्या घालाव्या लागल्या तर त्यातून खर्च करायची. काही झालंच नाही तर विमान ‘वेळेआधी’ पोचतं आणि सगळे खूष! म्हणजे दुसरं उत्तर देणाऱ्या मित्राचंही अगदीच चुकलं नव्हतं.

१८, १०, ८, ९ आणि ८. बेरीज ५३.

वारा: जाताना घेतलेलं येताना परत मिळत नाही

विमान हवेच्या सापेक्ष ८३० किंवा ८५० ने जातं, पण हवाच चालत असेल तर? उत्तर भारतावर हिवाळ्यात बऱ्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचा पट्टा असतो. यालाच जेट स्ट्रीम म्हणतात. त्यात तासाला १५० कि.मी. किंवा त्याहून जास्त वेग सहज सापडतो.

दिल्ली-कोलकाता घ्या, अंतर सुमारे १,३०० कि.मी. विमानाचा हवेतला वेग ८५० आणि वारा पश्चिमेचा, १५० चा. जाताना जमिनीवरचा वेग १,०००, वेळ १ तास १८ मिनिटं. येताना ७००, वेळ १ तास ५१ मिनिटं. अंतर तेच, विमान तेच, फरक ३३ मिनिटांचा!

आता कुणी म्हणेल, जाताना फायदा, येताना तोटा, हिशोब फिट्टंफाट. करून बघा. जाऊन-येऊन झाले ३ तास ९ मिनिटं. वारा अजिबात नसता तर लागले असते ३ तास ४ मिनिटं. फिट्टंफाट होत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. त्यामुळे तोटा फायद्यापेक्षा नेहमीच मोठा असतो. सरासरी वेग काढताना दोन वेगांची साधी सरासरी घेऊ नका असं अकरावीपासून सर का सांगतात, त्याचं हे चालतं-बोलतं उदाहरण.

पृथ्वीच्या फिरण्याबद्दलचा गैरसमजही इथेच मिटवून टाकू. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला आपलं गाव आपोआप जवळ यायला हवं, असा तो युक्तिवाद. तसं असतं तर धावत्या राजधानी एक्सप्रेसमध्ये उडालेली माशी मागच्या डब्यावर जाऊन आपटली असती. डब्यातली हवा डब्याबरोबर जाते, तसं वातावरण पृथ्वीबरोबर फिरतं. फिरण्याचा परिणाम होतो, पण आडवळणाने: हे पश्चिमी वारे तयार होण्यात त्याचा वाटा असतो. आणि ते वारे पश्चिमेकडे जाणाऱ्याला उलट उशीरच करतात.

जास्त अंतर, कमी वेळ

वाऱ्याची ही ताकद सर्वांत ठळक दिसली ती दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर. वरचं सूत्र वापरलं तर या दोन विमानतळांमधलं अंतर येतं सुमारे १२,३८० कि.मी. पण ही सर्वांत आखूड रेषा हिमालय ओलांडून तिबेट आणि सैबेरियावरून आर्क्टिकच्या कडेने जाते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटर, म्हणजे जवळजवळ १५,००० फूट. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि इथे तर खाली डोंगरच त्याहून उंच! म्हणून विमान कंपन्या हा प्रदेश शक्यतो टाळतात.

एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिक ओलांडून जायचं. तो मार्ग सुमारे १३,९०० कि.मी.चा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने बोइंग ७७७ उलट्या दिशेने, पूर्वेला पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० कि.मी., म्हणजे १,४०० कि.मी. जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, अटलांटिकच्या मार्गापेक्षा जवळजवळ दोन तास कमी!

भागाकार करा. १५,३०० भागिले १४.५ म्हणजे तासाला १,०५५ कि.मी. आवाजाच्या वेगाच्या जवळपास! पण विमानाने आवाजाची भिंत वगैरे काही फोडली नाही. हवेच्या सापेक्ष ते नेहमीच्याच वेगाने जात होतं. उरलेला वेग पाठीमागच्या वाऱ्याचा. आणि वेळ वाचला म्हणजे तासाला हजारो लिटर या हिशोबाने इंधनही वाचलं.

म्हणजे तीन आकडे झाले: १२,३८०, १३,९०० आणि १५,३००. पहिला भूमितीने दिलेला, दुसरा आणि तिसरा प्रत्यक्ष उडालेले, आणि लवकर पोचवणारा होता सर्वांत मोठा.

राजकारणानेही अंतर वाढतं

फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली. ती पुन्हा पूर्ण खुली झाली जुलै २०१९ मध्ये. या काळात दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना आधी दक्षिणेकडे उतरून अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला तर इंधन भरायला दोह्याला थांबावं लागायचं. दिल्ली आणि इस्तंबूल यांच्यातलं साडेचार हजार किलोमीटरचं अंतर काही वाढलं नव्हतं. पण थेट विमान थेट राहिलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला आणि लांबच्या उड्डाणांचं वेळापत्रक पुन्हा बदलावं लागलं.

टाकीत किती किलोमीटर नाही, किती तास

आतापर्यंतची चर्चा वेळ वाचवण्याची होती. पण अंतर आणि वेळ यांची गल्लत जिवावरही बेतू शकते.

२५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ विमान. अंतर त्याच्या आवाक्यातलं होतं. पण न्यूयॉर्कला हवा खराब होती, रांग मोठी होती आणि वाटेत वेगवेगळ्या ठिकाणी मिळून या विमानाला सव्वा तासाहून जास्त वेळ हवेत घिरट्या घालायला लावलं गेलं. अंतराच्या हिशोबाने ते पोचल्यातच जमा होतं. नकाशावर एक किलोमीटरसुद्धा पुढे सरकत नव्हतं. टाकी मात्र रिकामी होत होती. इंधन संपत आल्याचं वैमानिकांनी सांगितलं, पण ‘आणीबाणी’ हा शब्द वापरला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यासाठी वळतानाच इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले.

म्हणूनच विमानात इंधन भरताना ‘इतके किलोमीटर, मग इतके लिटर’ असं गणित चालत नाही. प्रवासाला लागणारं इंधन, त्यावर अनपेक्षित गोष्टींसाठी साधारण पाच टक्के, ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि या सगळ्यांच्या वर, जेट विमानाला १,५०० फुटांवर अर्धा तास फिरता येईल एवढं शेवटचं राखीव. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं पडलं आणि विमान जयपूरला उतरवलं, की आत बसलेले लोक चिडतात, ते साहजिक आहे. पण जयपूरला जाता आलं, कारण मुंबईत कुणीतरी १,१३८ च्या पलीकडचा हिशोब करून ठेवलेला होता.

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. समजा, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी १ ला निघालेलं विमान लंडनला संध्याकाळी ६ ला पोचतं. प्रवास पाच तासांचा नाही. वर साडेपाच तासांचा फरक धरून साडेदहा तासांचा. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा धरायचा. पुढे शिकायला जाणाऱ्यांनी तारखेकडेही नीट बघावं.

दुसरं, विमान बदलायचं असेल आणि दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील, तर मधला वेळ सढळ ठेवा. एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणं असतील तर पुढची सोय बघणं कंपनीचं काम. वेगळी असतील तर ते आपलं काम. ती राखीव ८ मिनिटं आपल्याला वाचवायला पुरत नाहीत.

तिसरं, दिल्लीला सकाळी १० ला इंटरव्ह्यू असेल तर सव्वादोन तासांवर विसंबू नका. घर ते विमानतळ दीड तास, तिथे दोन तास आधी, सव्वादोन तास विमान, बॅग मिळायला अर्धा तास, शहरात जायला अर्धा तास. झाले पावणेसात तास. १,१३८ ला यानेच भागा. आपल्या जेट प्रवासाचा खरा सरासरी वेग निघतो तासाला १७० कि.मी.! राजधानी एक्सप्रेसला सुमारे १,३८५ कि.मी.च्या रेल्वेमार्गाला साधारण पंधरा-सोळा तास लागतात, म्हणजे सरासरी नव्वदच्या आसपास. विमान जिंकतं, पण ८३० विरुद्ध ९० असं नाही. १७० विरुद्ध ९० असं.

ॲप्टिट्यूडच्या पेपरात अर्थातच भागाकारच करा, तिथे मार्क त्याचेच आहेत! फक्त खऱ्या कामात कुणी एकच आकडा हातात ठेवला, तर तो कुठून कुठपर्यंत मोजलेला आहे आणि कशाच्या सापेक्ष आहे, हे दोन प्रश्न विचारायची सवय ठेवा. पंप असो, मोटर असो, नेटवर्क असो, कॅटलॉगमधला आकडा आणि साइटवरचा आकडा यांच्यामध्ये अशीच ५३ मिनिटं लपलेली असतात.

सरावासाठी एक घ्या. पुणे: १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. नागपूर: २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अंतर ६०५ कि.मी.च्या आसपास यायला हवं, म्हणजे ८३० च्या वेगाने पाऊण तास. आता वेळापत्रकात किती दिलाय ते बघा, आणि मधल्या मिनिटांचा जमाखर्च स्वतः मांडा. मेसमध्ये वाढपी येईपर्यंत होऊन जाईल.